चार बोटं बाही

"ताई, माझं हात कुठं गेलं बघा की!"

दारात उभा असलेला माणूस दोन्ही हात पुढं करून हसत होता आणि हातांची खरंच नुसती बोटं दिसत होती. पांढऱ्या, बारीक निळ्या रेघांच्या शर्टाच्या बाह्या त्याच्या बोटांवर लोंबत होत्या. त्या तो फडफडवून दाखवत होता. शेतातलं बुजगावणं कंटाळून गावात आलं असतं तर असंच दिसलं असतं.

"आत या. दारात नाचू नका, कुत्री भुंकतील," मी म्हणाले.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कालव्याकाठच्या बोरजाईत आमचं परटाचं एकच घर. घरात आबा आणि मी. आबा गावाचे कपडे धूत आणि मी पुढच्या खोलीत हातमशीनवर शिवण करी. माझा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला, म्हणून लग्न झालं नाही. आणि लग्न झालं नाही म्हणून आबांनी मशीन घेऊन दिलं. लंगडीचं नशीब उघडलं, असं गाव म्हणे. गावाला बोलायला काय जातं?

माणसाचं नाव लिंबाजी. माणदेशातल्या कुरणवाडीचा. कालव्याच्या भरावावर मातीकामाला आला होता. रंगानं काळासावळा, अंगानं काटक, आणि दात एवढे पांढरे की हसला की आधी तेच दिसायचे.

मी शर्ट काढून घेतला आणि सवयीनं कॉलर उलटून बघितली. आतल्या बाजूला बिब्ब्याच्या रसाची काळी खूण होती. एक फुली, तिच्याखाली दोन ठिपके. ती मीच घातलेली होती. गावातल्या प्रत्येक घराची खूण वेगळी असते, म्हणजे भट्टीत कपडे एकत्र झाले तरी ज्याचे त्याला जातात. आबांना डोळ्यांनी कमी दिसू लागल्यापासून खुणा मीच घालत होते. फुली आणि दोन ठिपके म्हणजे देशमाने.

"हा शर्ट कुणी दिला तुम्हाला?"

त्याचं हसू मावळलं. "चोरलेला न्हाई, ताई. देवाशपथ."

"चोरला म्हटलं का मी? कुणी दिला इचारते."

"देशमान्यांच्या काकींनी. त्येंची लाकडं फोडत हुतो दोन दिस. माझी उघडी पाठ बघून त्येंनाच कसंतरी झालं. पेटीतनं काढून दिला आन म्हणाल्या, घे, पर कुणाला बोलू नगंस. तात्यांना कळलं तर माझी धडगत न्हाई."

पेटी कुणाची ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. देशमान्यांच्या अंबूकाकींचा एकुलता एक मुरली चार वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. खळ्यावर चार माणसांत बापानं, म्हणजे तात्यांनी, त्याच्या थोबाडीत मारली, तो खळ्यावरून जो उतरला तो परत आलाच नाही. ताडमाड उंच पोरगा. हात एवढे लांब की शाळेत मास्तर त्याला मारुतीचा भाऊ म्हणत. त्याच्या पेटीला कुणी हात लावायचा नाही असा तात्यांचा हुकूम होता. आणि काकी रात्री दाराला कडी लावत नसत. पोर आलं आणि दार बंद दिसलं तर परत फिरेल म्हणून. चार वर्षं त्या घराचं दार नुसतं लोटलेलं असे.

"बाही अर्धी करून देते," मी म्हणाले. "लवकर होईल आणि कामावर बरी पडंल."

"न्हाई न्हाई, पुरीच पायजे. मनगटापातुर. बटनाची." तो खाली बसला आणि एकदम गंभीर झाला. "बायकू तिथंच कुरणवाडीत माहेरला हाय, ताई. गेल्या पंचमीला गेली ती सासू लावून देईना. म्हणती, उघड्या अंगानं हिंडणाऱ्या माणसाबरुबर माझी हौसा नांदायची न्हाई. माणसासारखा माणूस होऊन ये, मग बघू. आता ह्या शुक्रवारी जातो. गवरी बसायच्या आत तिला घेऊन येतो."

"मग काय, साहेबच करून टाकते तुम्हाला."

मी त्याचा हात धरून माप घेतलं. चार बोटं बाही जास्त होती. कफ उसवले, बाह्या खालून चार बोटं कापल्या, मनगटाची फाट वर घेतली आणि कफ परत बसवायला घेतले तर पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलेलं. निळा दोरा होता. रेघा निळ्याच होत्या, म्हणून निळ्यानंच टीप मारली. कापलेल्या बाह्यांची दोन वेटोळी चिंध्यांच्या पिशवीत टाकली.

तो कॉलर बघत बसला होता. "ह्यो डाग जाईल का वं?"

"बिब्ब्याचा हाय. कापड फाटंल, पण तो जायचा न्हाई."

"मग वरनं एक ठिगळ मारा की आतल्या अंगानं. सासू लई बारीक नजरंची हाय. दुसऱ्याचा शर्ट म्हणंल."

दिवस कलला होता, आबांच्या भाकरी टाकायच्या होत्या. ठिगळाचं काम अर्ध्या घटकेचं. पण मला कंटाळा आला.

"कॉलर उलटून कोण बघतंय?" मी म्हणाले.

त्यानं शर्ट घातला, भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहिला, दोन्ही हात वर केले, खाली केले. कफ बरोबर मनगटावर बसले होते.

"सासू वळखायची न्हाई मला," तो म्हणाला आणि कालव्याच्या वाटेनं निघून गेला.

पुढच्या गुरुवारी मी बाजाराला गेले होते, त्याच पांढऱ्या दोऱ्यासाठी. एसटीतून उतरले तर पारावर माणसं जमलेली. "शेवंते, मुरली सापडला," कुणीतरी म्हणालं. त्याच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं की जिवंत नाही सापडला.

कालव्याच्या मोरीच्या जाळीला प्रेत अडकलं होतं. पाच-सहा दिवसांचं. तोंड मासे-खेकड्यांनी ठेवलं नव्हतं आणि अंग फुगून कुणाचंही झालं असतं. पोलीसपाटलांनी कॉलरचा तुकडा कापून आबांकडं आणला. आबांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि छातीला हात लावून सांगितलं, "देशमान्यांची खूण. माझ्या पोरीच्या हातची." आबांचं काय चुकलं? खूण बरोबरच होती. बिब्बा खोटं बोलत नाही.

मी पाय ओढत कालव्यावर पोचले तेव्हा 'पाय घसरून बुडाला' असा पंचनामा होऊन गेला होता. प्रेतावर आमच्याच घरची धुतलेली चादर होती. तात्या एका दगडावर बसले होते. चार वर्षांपूर्वी ज्या हातानं पोराला मारलं तो उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. चादरीबाहेर एक मनगट आलं होतं. कफाला निळ्या दोऱ्याची टीप होती.

टीप माझीच होती. मी आबांना शोधत होते, तेवढ्यात बायका अडवत असतानाही अंबूकाकी भरावावरून खाली आल्या. कुणी म्हणालं, "काकींना बघू देऊ नका, बघण्यासारखं न्हाई." त्या तोंडाकडं गेल्याच नाहीत. मनगटाशी खाली बसल्या. कफ हातात धरला. अंगठा निळ्या टिपेवरून एकदा इकडून तिकडं फिरवला. मग मान वर करून घोळक्यात शोधत शोधत त्यांनी माझ्याकडं बघितलं.

आम्ही एकमेकींकडं किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मला वाटलं, आता त्या बोलतील. आता म्हणतील, तात्या उठा, हा आपला नव्हे.

काकींनी कफ छातीशी धरला आणि गुरासारखा हंबरडा फोडला. "माझा मुरली! माझा मुरली गं!"

भरावावरची बायामाणसं रडायला लागली. मीही रडले. कुणासाठी रडले ते मला आजही सांगता येणार नाही. तासाभरात तिथंच कालव्याकाठी तात्यांनी अग्नी दिला.

दहाव्या दिवशी सुतकाचे कपडे आणायला मी देशमान्यांकडं गेले. परटाच्या घरचा मान तो. दुःखाचे कपडे आम्हीच धुवायचे. पुरुष नदीवर पिंडाला गेले होते. काकी परसात एकट्याच बसल्या होत्या.

"काकी," मी म्हणाले, "तो लिंबाजी हुता."

"मला काय डोळं न्हाईत?"

"मग तुम्ही..."

"बस खाली." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "चार वर्सं झाली, शेवंते. कुत्रं दाराला घासलं तरी मी उठून बसते. ताटात पहिली भाकरी त्येची काढते आन सकाळी गुराला घालते. तात्या तोंड उघडत न्हाईत. त्येंनी मारला, मी उभी राहून बघितला. मेला म्हणावं तर रडाय येत न्हाई. हाय म्हणावं तर हाय कुठं? त्या दिवशी मला रडाय मिळालं. चार वर्सांनी रडाय मिळालं मला. काल रातीला पहिल्यांदा कडी लावली आन झोपले."

"पण त्याची बायकू हाय, काकी. हौसा. तिला आणायलाच निघाला हुता तो. म्हणून तर शर्ट."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "तरणी आसंल."

"व्हय."

"तरण्या बाया इसरत्यात."

"काकी, मी पाटलांना सांगते."

त्यांनी माझा हात धरला आणि ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "सांग. जा, सांग. म्हण, अंबूनं परक्याला पोर म्हणून जाळलं. तात्यांनी परक्याचं पिंड पाडलं, तुझ्या आबानं पाटलाला खोटी खूण सांगितली. सांग. आन मग रातीला येऊन माझी कडी काढ."

मी कपड्यांचं गाठोडं उचललं आणि घरी आले. डोळ्यांसमोरचं दुःख नेहमी मोठं दिसतं. कुरणवाडीची हौसा मी बघितली नव्हती.

लिंबाजीची कुणी चौकशी केली नाही. बायकोला आणायला गेला तो गावीच राहिला, असं मुकादमानं धरलं, आणि महिनाभरात मजुरांची पालंही वरच्या अंगाला हलली.

दसरा झाला आणि हौसा आली. विशी-बाविशीची, धुळीनं भरलेले पाय, कपाळावर आडवं मोठं कुंकू. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"माझ्या मालकांनी हितं शर्ट नीट करून घेतल्याला म्हणं. लिंबाजी. पालावरच्या बाईनं सांगितलं."

"व्हय, घेतला," मी म्हणाले.

"मग शर्ट घालून गेलं कुठं?"

मशीनचं चाक माझ्या हातात होतं. ते मी फिरवत राहिले. सुईखाली कापड नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, जिभेवर होतं.

"घेऊन गेलं," मी म्हणाले. "पुढं कुठं गेलं मला काय माहीत?"

तिनं मान हलवली. "मला वाटलंच. नवा शर्ट घालून माझ्याकडं कशाला यील? दुसरी केली आसंल." मग एकदम तिचा आवाज फुटला. "आई म्हणत हुती, त्यो तसलाच हाय. मीच म्हणायची, न्हाई."

तेवढ्यात काकी आमच्या दारात आल्या. इस्त्रीचे कपडे न्यायला आल्या होत्या. "कुठली गं तू?" त्यांनी सहज विचारलं.

"कुरणवाडीची. लिंबाजीची मी."

काकींनी भिंतीला हात टेकला. मग त्या पुढं झाल्या आणि हौसाचं मनगट धरून म्हणाल्या, "उपाशी आसशील. चल माझ्या घरी."

आमच्या ओट्यावरून देशमान्यांच्या घराचा पुढचा सोपा दिसायचा. काकींनी तिला पाटावर बसवून जेवू घातलं. समोर बसून वाढलं. आणि निघताना आतून तबक आणलं, तिला हळद लावली, कुंकवावर कुंकू लावलं आणि नारळ-तांदूळ, खण घालून तिची ओटी भरली. सवाशिणीची भरतात तशी. मी ओट्यावरून बघत होते. ज्या बाईच्या नवऱ्याची राख कालव्यात गेलेली काकींना ठाऊक होती, त्या बाईची ओटी काकी भरत होत्या.

हौसा परत जाताना माझ्या दाराशी थांबली. ओटीचा पदर दोन्ही हातांनी सावरलेला, तोंड जरा उजळलेलं.

"लई मायाळू बाई हायत. पोरगा गेलाय म्हणं त्येंचा. मला म्हणाल्या, तुझा यील. वाट बघ."

त्यानंतर काकी आणि मी त्याबद्दल कधी बोललो नाही. तात्या सहा वर्षांनी गेले, पोराला अग्नी दिला या समाधानात गेले. मग आबा गेले. आबांवर खोटी खूण सांगितल्याचा ठपका येईल म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत असे. आबा गेल्यावर तेही कारण उरलं नाही. तरी मी कुरणवाडीला गेले नाही. भित्र्याला कारणं पुष्कळ सापडतात. खरा मुरली कधीच आला नाही.

त्र्याण्णव साली काकींनी अंथरूण धरलं. रात्री मी सोबतीला जाई. एकदा त्या म्हणाल्या, "कडी लावली का गं?"

"लावली, काकी."

"कडी लावूनशान बी झोप न्हाई लागली, शेवंते. एकुणीस वर्सं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती आली का गं परत?"

"न्हाई."

"मी तिची ओटी भरली," काकी म्हणाल्या. शेवटचे आठ दिवस त्या अधूनमधून तेवढंच म्हणत. बायकांना वाटे, कुठल्या तरी नात्यातल्या पोरीची आठवण काढतात.

त्यांचं तेरावं झालं आणि मी चिंध्यांची पिशवी काढली. बाह्यांची दोन वेटोळी तळाशी होती. कधी कशाला वापरली नव्हती आणि कधी टाकलीही नव्हती. ती पिशवीत घालून, काठी टेकत, दोन एसट्या बदलून मी कुरणवाडीला गेले.

हौसा भावाच्या परसात गोवऱ्या थापत होती. केस पिकलेले, हाडं वर आलेली. कपाळावर कुंकू तसंच, आडवं आणि मोठं. तिनं माझ्या पायाकडं बघितलं आणि मला ओळखलं.

"मशीनवाली ताई."

मी खाली मातीत बसले आणि सगळं सांगितलं. शर्ट कुणाचा, खूण कुणाची, ठिगळाचा कंटाळा, निळा दोरा, जाळी, काकींनी कफ धरून माझ्याकडं बघितलं ते, आणि मशीनचं रिकामं चाक फिरवत मी तिला काय सांगितलं ते. काहीही झाकलं नाही. वेटोळी तिच्या पुढ्यात ठेवली.

ती गोवरीवर उमटलेल्या आपल्याच बोटांकडं बघत राहिली.

"आमच्यात पाट लागतो, ताई, इधवंचं दुसरं लगीन हुतं," ती म्हणाली. "रांडमुंड झाले आसते तर भावानं वर्सात पाट लावला आसता. आंधळी गावचा एक माणूस दोन वर्सं थांबला माझ्यासाठी. चांगला हुता. पर पंच म्हणलं, हिचा नवरा जिता हाय, काडीमोड कुठाय?" मग म्हणाली, "रोज उठले की पयली शिवी त्येला घालायची. भावजयीनं मारलं तरी त्येलाच. एकुणीस वर्सं. आता त्या शिव्या कुठं ठेवू?"

'मला घाल' असं म्हणायचं होतं, पण तेवढंही तोंड मला राहिलं नव्हतं. चार वर्षांचं वाट बघणं काकींनी त्या दिवशी नारळाबरोबर या बाईच्या पदरात घातलं होतं, आणि पदराची गाठ मी मारली होती.

तिनं शेणाचे हात लुगड्याला पुसले आणि एक वेटोळं उचललं. निळ्या रेघा अजून स्वच्छ होत्या. तिनं ते आपल्या मनगटात सरकवलं. तिच्या वाळक्या मनगटावर ते सैल फिरत राहिलं.

"हे कापून बाह्या नीट बसल्या हुत्या का?" तिनं विचारलं.

"बसल्या. बरोबर मनगटावर."

"आरशात बघितलं त्येनी?"

"बघितलं."

"काय म्हणलं?"

"म्हणाले, सासू वळखायची न्हाई मला."

ती किंचित हसली. मग डाव्या हातानं पदराचं टोक धरून ती कपाळ पुसू लागली. कुंकू लवकर निघेना. मी तिथंच बसून राहिले.